डांगरवाडी क्रमांक सात

भिलाईतल्या सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात श्यामरावांनी ढिगातलं एक टरबूज उचललं, कानाजवळ नेलं आणि टिचकी मारायला बोट वाकवलं, तेवढ्यात ढिगामागे बसलेल्या म्हातारीने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "असं नाई पाहावं," ती म्हणाली. टरबूज मांडीवर आडवं धरून तिने मधल्या बोटाच्या पेराने देठाशी दोनदा आणि बुडाशी एकदा ठोकलं, आणि तिसऱ्या ठोक्याला मान जराशी डावीकडे कलती केली, जणू आतून कुणी हळू आवाजात उत्तर देणार होतं आणि ते तिलाच ऐकायचं होतं. एवढंच झालं. बाजूला लसणाच्या भावावरून घासाघीस चालली होती, कारखान्याच्या पहिल्या पाळीतून सुटलेले लोक सायकली हातात धरून गर्दीतून वाट काढत होते. पण श्यामराव तिच्या बोटांकडे पाहत राहिले. देठाशी दोनदा, बुडाशी एकदा. ही कलती मान त्यांनी बारा वर्षांपूर्वी नदीच्या वाळूत अकरा रविवार पाहिली होती. केस तेव्हा काळे होते आणि मागे पाणी होतं. तिचं नाव रंभा. नाव आठवायला त्यांना कष्ट पडले नाहीत, कारण ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. म्हातारीने मान वर केली, त्यांच्याकडे गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं पाहिलं आणि टरबूज पुढे केलं. श्यामराव वळले आणि चालू लागले. मागून तिने हाक मारलेली त्यांना ऐकू आली, पण ते थांबले नाहीत. भाजीने अर्धी भरलेली थैली तिथेच ढिगाशी राहिली आहे हे त्यांना रेल्वे फाटकापाशी कळलं, आणि तरीही ते परत गेले नाहीत.

घरी प्रेमलाबाईंनी थैलीचं विचारलं. राहिली, असं ते म्हणाले. कुठे राहिली म्हटल्यावर त्यांना सांगता येईना. सेक्टर पाचमधलं हे क्वार्टर मुलाच्या नावावरचं. विजयकुमार कारखान्यात ऑपरेटर होता, आणि बाप आपल्या घरात राहतो याचा त्याला जो छुपा अभिमान होता तो तो बापाची थट्टा करून दाखवत असे. "बाबूजी तो रिटायरमेंट की प्रॅक्टिस करून राहिले," तो आईला म्हणाला. "आज थैली भूल गये, उद्या घर भूल जाएँगे." प्रेमलाबाई हसल्या. श्यामरावही हसले. त्यांना हसता येत होतं याचंच त्यांना नवल वाटलं. जेवताना घास तोंडात फिरत राहिला आणि ते मनाशी एकच गोष्ट उलटसुलट करत राहिले, की तिने आपल्याला ओळखलं नाही. हा दिलासा होता. मग थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की हा दिलासा नाही. दातात अडकलेल्या शितासारखी ती गोष्ट दुपारभर त्यांच्या जिभेला लागत राहिली.

सोमवारी दुर्गच्या सिंचन कार्यालयात अरुणकुमारने त्यांना आत बोलावलं. अरुणकुमार नवा अधिकारी, एकोणतीस वर्षांचा, भिलाईतच जन्मलेला. वडील अमरावतीकडचे, कारखान्यात बाबू होते. चारचौघांत तो त्यांना श्यामरावजी म्हणत असे आणि दार बंद असलं की काका. भोपाळहून एक कागद आला होता. नदीवरचा बंधारा, जो दहा वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीला पाणी द्यायला बांधला होता, तो आणखी एक मीटर उंच करायचा होता. पण त्याआधी एक गोष्ट ठरायची होती, जी यापूर्वी कुणी कधी विचारलीच नव्हती. उन्हाळ्याच्या महिन्यांत बंधाऱ्याचं खालचं दार चार बोटं उघडं ठेवून थोडं पाणी नदीत सोडायचं की नाही. त्यासाठी नवा तक्ता होता. बंधारा नसताना खालची नदी लोकांना काय काय देत होती, आणि त्या प्रत्येक गोष्टीची वर्षाची किंमत किती. ती किंमत सोडलेल्या पाण्याच्या किमतीहून जास्त भरली तर पाणी सोडायचं. नाही भरली तर दार कायमचं बंद. अरुणकुमारने जुनी फाईल काढून ठेवली होती. परिशिष्ट तीन, सन १९८१, बंधाऱ्याखालील नदीपात्राचे वर्तमान उपयोग. नऊ ओळी, आणि नऊही ओळींसमोर किमतीच्या रकान्यात एकाखाली एक, रेषेला टेकलेल्या सुबक अक्षरात, एकच शब्द: निरंक. कार्यालयात एवढं सुंदर अक्षर एकाच माणसाचं होतं. "काका, हे तर सोपं झालं," अरुणकुमार म्हणाला. "पहले भी निरंक था, अब भी निरंक. तुम्ही फक्त फेअर करून द्या. पुढच्या सोमवारी डाक जाणार."

सरकारी तक्त्यात रकाना कोरा सोडायचा नसतो. श्यामराव चोवीस वर्षांचे असताना, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, हे त्यांना शिकवण्यात आलं होतं. कोऱ्या रकान्यात मागाहून कुणीही काहीही भरू शकतो, म्हणून माहिती असली तर माहिती लिहायची, नसली तर निरंक लिहायचं, आणि मजकुराखाली जागा उरली तर तिच्यावर तिरपी रेघ ओढून टाकायची. चौतीस वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. त्यांना तो आवडत असे. लाजाळू माणसाला नियम आवडतात, कारण नियमाच्या मागे उभं राहता येतं. लहानपणी भंडाऱ्याच्या शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारला की श्यामरावांना उत्तर येत असूनही हात वर करता येत नसे. दुसऱ्या कुणी चुकीचं उत्तर दिलं की ते मनातल्या मनात बरोबर उत्तर म्हणत आणि तेवढ्याने त्यांचं समाधान होई. पुढे सगळं आयुष्य त्यांनी असंच मनातल्या मनात बरोबर उत्तरं देत काढलं. पुस्तकं वाचली, पुष्कळ वाचली. पण वाचलेलं कुणाला सांगायची वेळ आली की त्यांना आपण चुकीचं समजलो असू अशी शंका येई, आणि ते गप्प बसत.

एक्क्याऐंशी सालच्या जानेवारीत मात्र ते पुस्तकामुळेच नदीवर गेले होते. वाचनालयात एक इंग्रजी पुस्तक होतं, मागचा पुठ्ठा निघालेलं. ज्या गोष्टीचे कुणी पैसे देत नाही तिची किंमत काढायची असेल, तर ती नाहीशी झाल्यावर लोकांना काय काय करावं लागेल ते विचारावं, असं त्यात एका ठिकाणी होतं. हे वाक्य वाचून श्यामराव त्या संध्याकाळी सेक्टरच्या रस्त्यावर दोन फेऱ्या जास्त मारून आले. परिशिष्ट तीन त्यांच्याच टेबलावर येणार होतं. कुणी सांगितलं नव्हतं, भत्ता मिळणार नव्हता. ते आपले रविवारी सकाळी सायकल काढून, डबा कॅरिअरला लावून, नदीवर जाऊ लागले. वाळूत सायकल चालत नसे. ती काठावर बाभळीला टेकवून ते चालत खाली उतरत. त्यांच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तो त्यांनी तांब्याच्या तारेने शिवून घेतला होता. ती तार वाळूत तापून बोटाला चटका देत असे. नदीत तेव्हा उन्हाळ्यातही एक धार वाहती असे, घोट्याएवढी, कुठे गुडघ्याएवढी, आणि धारेच्या दोन्ही अंगांनी ओलसर वाळूत टरबूज-काकडीच्या डांगरवाड्या घातलेल्या. तेवीस वाड्या. बहुतेक तिथल्या केवट नावाड्यांच्या, चार-पाच वैनगंगेकडून आलेल्या ढिवर कोळ्यांच्या. सातव्या क्रमांकाची रंभाची. तिचा नवरा हिरालाल कारखाना बांधताना माती उचलायला भंडाऱ्याकडून आला, आणि कारखाना उभा राहिल्यावर त्याला गेटपास राहिला नाही, तेव्हा दोघं पुन्हा नदीत उतरली, एवढंच. वाळूत हातभर खड्डे, खड्ड्यात शेणखत, आणि दोन ओळींआड एक झिरी, जिच्यात पाणी आपोआप येऊन थांबे.

श्यामरावांनी वहीत सगळं उतरवलं. टरबुजं किती, काकड्या किती, खरबुजं किती, किती बाजारात गेली आणि किती घरी खाल्ली. मासे. गुरं कुठल्या कुठल्या गावची पाण्यावर येतात. काठाच्या विहिरींना मे महिन्यात किती हात पाणी असतं. रंभा म्हणाली होती, नदी बसली की विहीर बसते, त्या दोघी बहिनीच. धुणी. आणि आठव्या की नवव्या रविवारी धारेकाठी आठदहा माणसं डोकी भादरून बसलेली दिसली, कुणाचा तरी दसवा होता, तेव्हा श्यामरावांनी वहीत 'दसवा' असं लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते प्रश्नचिन्ह त्यांनी फार नीट काढलं होतं. त्या दिवसांत त्यांना झोप छान लागत असे. अमुक नाहीसं झालं तर तुम्ही काय कराल, हा पुस्तकातला प्रश्न त्यांनी रंभालाही विचारला. ही वाडी सोडायची तर किती घ्याल, असंही विचारलं. ती झिरीतलं पाणी डब्याने वेलांना घालत होती. "वाडी माही थोडीच हाये साहेब," ती म्हणाली. "नदीची हाये. चार महिने देते, आठ महिने वापस घेते. मी तिचं इकू कशी?" मग थोडं थांबून म्हणाली, "तुमी आमचं नाव लिहून घ्या मात्र. लिहिलेल्या मानसाले कोनी हालवत नाई." श्यामरावांनी तिच्यासमोर लिहिलं. डांगरवाडी क्रमांक सात, रंभा हिरालाल. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने वाकून पाहिलं, आणि एक टरबूज देठाशी दोनदा, बुडाशी एकदा ठोकून त्यांच्या हातात दिलं. पैसे घेतले नाहीत.

आणि मग एप्रिलात परिशिष्ट तीन भरायचा दिवस आला. त्या वेळचे मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. ते ओरडले नाहीत, त्यांनी धमकावलं नाही. श्यामरावांनी पेन्सिलीने भरून आणलेला तक्ता त्यांनी शांतपणे पाहिला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. त्या रकान्याचं नाव 'आधार' असं होतं. "आधार क्या है, श्यामराव? मंडी की रसीद? ठेके का कागज?" आधार काहीच नव्हता. टरबुजं मंडीत जात नव्हती, विहिरींचं पाणी कुणी विकत नव्हतं. तेवीस माणसांनी तोंडी सांगितलेलं आणि श्यामरावांनी डोळ्यांनी पाहिलेलं. हे म्हणता आलं असतं. साहेब वाट पाहत होते, पेनाचं टोपण काढून, खिडकीबाहेर बघत. त्यांना बहुधा एवढंच हवं होतं की कुणीतरी काहीतरी म्हणावं. बारा वर्षांत श्यामरावांनी तो क्षण इतक्यांदा काढून पाहिला होता की आता त्याच्या कडा झिजल्या होत्या. कधी त्यांना वाटे की साहेबांच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती, कधी वाटे कंटाळा होता. पण त्यापुढचं वाक्य मात्र कधी बदलत नसे, कारण ते साहेबांचं नव्हतं. "निरंक टाकू का, सर?" हे श्यामरावच म्हणाले होते. कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी पेन्सिलीचे आकडे खोडरबराने एकेक करून पुसले, रबराचा चुरा फुंकरीने उडवला आणि शाईने नऊ वेळा तो शब्द लिहिला. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत रंभा कार्यालयात आली. बंधाऱ्याची दारं आदल्या नोव्हेंबरात बंद झाली होती. तिने नेहमीप्रमाणे खड्डे घातले, खत टाकलं, बी लावलं, कारण तिचं नाव लिहिलेलं होतं. महिन्याभरात झिऱ्या आटल्या. श्यामरावांनी तिला खिडकीतून फाटकातून येताना पाहिलं, डोक्यावर गाठोडं घेतलेली, आणि ते उठून रेकॉर्डरूममध्ये गेले. रेकॉर्डरूममध्ये चपला बाहेर काढून जायचं अशी भैयालाल चपराशाची शिस्त होती, फरशी तो स्वतः पुसत असे; तेव्हा त्यांनी सवयीने चपला दाराशी काढल्या आणि आत रॅकच्या मागे, जुन्या कागदांच्या वासात, उभे राहिले. दीड तास. बाहेर ती भैयालालला विचारत असलेली त्यांना ऐकू येत होती, नाव लिहून घेणारे साहेब कुठे आहेत म्हणून. तिला त्यांचं नाव माहीत नव्हतं. भैयालालने तिला बसायला सांगितलं. त्या दीड तासात श्यामरावांनी एक फाईल उलगडून हातात धरली होती, कुणी आलंच तर काम करत असल्यासारखं दिसावं म्हणून, आणि ती कशाची फाईल होती ते त्यांना अजून आठवत असे: त्याच्याही कितीतरी आधी रद्द झालेल्या एका पुलाची. ती गेल्यावर भैयालालने त्यांच्या टेबलावर एक टरबूज आणून ठेवलं. मुठीएवढं, सुरकुतलेलं, देठ वाळून काळा पडलेला. बाई देऊन गेली, तो म्हणाला. एवढंच, निरोप काही नाही. ते टरबूज त्यांनी घरी नेलं. प्रेमलाबाईंनी कापलं तर आतून पांढरं निघालं, आणि त्यांनी ते फाटकाशी आलेल्या गायीपुढे टाकलं. तो अहेर होता की तोंडावर मारलेली चपराक, हे श्यामरावांना नऊ वर्षांत ठरवता आलेलं नव्हतं.

आता हा आठवडा. मंगळवारी, बुधवारी त्यांनी फेअर कॉपी सुरू केली आणि थांबवली. निवृत्तीला सहा आठवडे उरले होते. कपाटावरच्या ट्रंकेत, दिवाळीच्या पणत्यांखाली, ती वही होती; ती त्यांनी कधी फाडली नाही आणि कधी उघडलीही नाही. ती दाखवली तर चार बोटं पाणी सुटेल कदाचित. आणि ती दाखवली तर एक प्रश्न येईल, की खरे आकडे जवळ असताना तुम्ही सरकारी तक्त्यात खोटं का लिहिलं. निवृत्तीच्या कागदांवर कुणी शेरा मारील. विजयकुमारच्या कानावर जाईल. पण या भीतीच्या खाली आणखी एक भीती होती, आणि ती जास्त जुनी होती: आपण म्हणू आणि ते चुकीचं निघेल. बारा वर्षांपूर्वी अडाण्यासारखं वाळूत फिरून केलेली मोजणी. बेरजेत चूक असेल. पुस्तकातलं वाक्यच आपण उलटं समजलो असू. सकाळी दाढी करताना त्यांना आरशातल्या चेहऱ्यावर चांगल्या अक्षराच्या माणसाचा सौम्य भाव दिसला आणि त्यांनी साबण डोळ्यांत जाऊ दिला.

शुक्रवारी ते वही घेऊन गेले. कशामुळे, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अरुणकुमारने दार लावून ती पानापानाने वाचली. मराठी असल्याने सावकाश. 'दसवा'पुढच्या प्रश्नचिन्हाशी तो थोडा थांबला. मग त्याने डाव्या हाताला वही आणि उजव्या हाताला जुनं परिशिष्ट ठेवलं आणि बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "काका, दोन्ही अक्षर तर तुमचंच आहे," तो म्हणाला. "मैं किसको सही मानूँ?"

श्यामराव काही म्हणायच्या आत अरुणकुमारने स्वतःच तो प्रश्न मिटवून टाकला, समजूतदारपणे. वहीवर सही नाही, तारीख नाही, शिक्का नाही. परिशिष्टावर तिन्ही आहेत. वही खरी धरायची तर परिशिष्ट खोटं होतं असं कुणीतरी लिहून द्यायला लागेल, आणि ते लिहून देणारा एकच माणूस आहे. "तुमचे सहा हफ्ते राहिले, काका. मी तुम्हाला सांगणार नाही लिहा म्हणून. नका लिहू असंबी सांगणार नाही. सोमवार सुबह तक बता दीजिए." त्याने वही त्यांच्याकडे सरकवली. श्यामरावांना वाटलं, बारा वर्षांपूर्वीही असंच कुणीतरी वाट पाहत खिडकीबाहेर बघत होतं.

रविवारी ते सुपेल्याला गेले. थैलीसाठी जातो, असं प्रेमलाबाईंना सांगितलं. ती तिथेच होती, आणि थैलीही होती, तिच्या मागे खुंटीला अडकवलेली, रिकामी, धुतलेली. "भाजी सडली, ते फेकून देली," ती म्हणाली. श्यामरावांनी थैली हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. गर्दी त्यांना दोन्ही बाजूंनी ढकलत होती. मग ते वाकून तिच्या समोर उकिडवे बसले, जे त्यांनी बाजारात कधी केलं नव्हतं, आणि टरबुजं नदीतली का, असं विचारलं.

"नदी कोठची आता," रंभा म्हणाली. "हे महासमुंदाकडून येते, टरकानं. दलाल कोचिया आनून टाकते, आमी इकतो."

हिरालालबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा तिचा हात टरबुजावर थांबला, आणि तिने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. बुढा गेला, ती म्हणाली, मागच्या साली चैतात. कुम्हारीच्या एका कारखान्यात पोती उचलायला जात होता. "दसवा बोरिंगवर केला. हापसून हापसून पानी काढलं. नदीत पान्याचा गुंड बुडन एवढंबी पानी नोतं, मंग का करता." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, लसणाचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं. पुस्तकातल्या वाक्याचं उत्तर असं आलं होतं: नदी नाहीशी झाल्यावर लोक हे करतात. ट्रक येतो, बोरिंग हापसतात, म्हातारा पोती उचलतो. श्यामरावांना वाटलं, आपण वही उघडून आत्ता ते प्रश्नचिन्ह खोडावं आणि तिथे हे लिहावं. मग त्यांना वाटलं, हेच आपलं नेहमीचं. लिहिणं.

"मी नदीवर येत होतो," ते म्हणाले. "तुमचं नाव मी लिहून घेतलं होतं."

"मालूम हाये मले."

"तुम्ही ऑफिसात आल्या होत्या तेव्हा मी..." त्यांनी थैलीची घडी घातली. "मी आतच होतो."

"तेबी मालूम हाये," रंभा म्हणाली. "तुमची चप्पल भायेर होती ना. तांब्याच्या ताराची."

बाजाराचा आवाज एकाएकी फार लांब गेला. दीड तास ती त्या चपलांसमोर बसली होती. तिला माहीत होतं आणि तिने हाक मारली नव्हती. आणि जाताना टरबूज ठेवून गेली होती. आता तरी विचारता येईल, ते कशासाठी ठेवलं होतं. पण श्यामरावांना ते विचारता आलं नाही. ते भलतंच बोलले, लहान मुलाने मार चुकवायला बोलावं तसं. "पण नाव लिहिलं होतं मी. खरंच लिहिलं होतं. अजून आहे माझ्याजवळ वहीत."

रंभाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले. मग त्यांच्याकडे वळली. "मंग?" ती म्हणाली.

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरोखरच पुढचं ऐकायचं होतं. तिची मान जराशी डावीकडे कलली होती. श्यामराव उठले आणि रिकामी थैली घेऊन घरी आले, पायी, फाटकापाशी कुठलीशी मालगाडी जाईपर्यंत उभे राहून, डबे मोजत.

सोमवारी कार्यालय उघडायच्या आधी ते आपल्या टेबलावर बसले होते. भैयालालने पाणी आणून ठेवलं आणि एवढ्या लवकर काहून आले, असं विचारून उत्तराची वाट न पाहता निघून गेला. श्यामरावांनी रेघा नसलेला कागद घेतला. सन १९८१ च्या परिशिष्ट तीनमध्ये मी नऊ उपयोगांसमोर निरंक असे लिहिले, असं त्यांनी हिंदीत लिहिलं. पेन उचललं. मंग? ते खरे नव्हते, त्यांनी लिहिलं. मंग? खरे आकडे माझ्याजवळ होते, सोबतच्या वहीत आहेत, मी अकरा रविवार स्वतः मोजले. मंग? मला कुणीही तसे लिहायला सांगितले नव्हते. हे वाक्य लिहायला त्यांना वेळ लागला आणि त्यात पहिल्यांदाच त्यांचं अक्षर ओळ सोडून खाली गेलं. तेवीस नावं लिहिली, क्रमांकासह. सातव्या क्रमांकाला रंभा हिरालाल, तिच्यापुढे: १९८४ साली तक्रार घेऊन कार्यालयात आली, मी उपस्थित होतो, भेटलो नाही. दसव्याचं लिहिलं, त्याची किंमत मला काढता आलेली नाही, असं लिहिलं. आधार या शब्दापुढे त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. सही केली, तारीख घातली.

अरुणकुमारची स्कूटर फाटकाशी वाजली. श्यामरावांनी कागद पुन्हा वाचला. हे वाचून भोपाळमध्ये कुणी चार बोटं दार उघडील असं त्यांना वाटेना. हा कागद वहीबरोबर एखाद्या पाकिटात जाईल, पाकिटावर 'संदर्भाकरिता' असं लिहिलं जाईल, आणि वर्षभराने कुणी रेकॉर्डरूममध्ये चपला बाहेर काढून आत जाईल तेव्हा तो तिथे असेल. झिऱ्यांत पाणी येणार नाही. बहुधा येणारच नाही. सहीखाली अर्धा कागद कोरा उरला होता. त्यांनी खणातून फूटपट्टी काढली, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी ठेवली, पेन टेकवलं. मंग? तो आवाज अजून थांबला नव्हता. बाहेर अरुणकुमार भैयालालला काहीतरी विचारत होता, पावलं जवळ येत होती. श्यामरावांनी फूटपट्टी उचलून परत खणात ठेवली, खण लावला, आणि खालची जागा तशीच कोरी सोडून कागद हातात घेऊन उभे राहिले.